पायाळूच्या कॅमेऱ्यातली वीज

मी पायाळू आहे. जन्माला येताना बाळाचं डोकं आधी येतं, माझे पाय आधी आले. यात माझं कर्तृत्व शून्य. पण परभणीकडच्या आमच्या गावात या गोष्टीची जेवढी चर्चा झाली तेवढी माझ्या इंजिनिअर होण्याचीही झाली नाही. पायाळू माणसानं पाठीला पाय लावला की उसण जाते आणि पायाळू माणसावर वीज पडते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. उसणीचा फायदा शेजाऱ्यांना होता आणि विजेचा घोर माझ्या आईला.

आभाळ गुरगुरायला लागलं की आई मला हाताला धरून मधल्या खोलीत न्यायची. लाकडी पाटावर बसवायची, पाय वर घ्यायला लावायची, पैंजण काढून घ्यायची, तांब्यापितळेला हात लावू द्यायची नाही. बाहेर माझे भाऊ बनियनच्या ओच्यात गारा भरत असायचे आणि मी अंधारात पाटावर उकिडवी बसून आवाज ऐकायचे. मी वीज ऐकत मोठी झाले, बघत नाही. ऐकलेली वीज जास्त वाईट, कारण ती घराच्या सगळ्या बाजूंनी येते. दर कडकडाटाला आई वळून माझ्याकडे बघायची, मी अजून आहे ना हे तपासल्यासारखी. त्या बघण्याचा मला आजही राग येतो.

त्यामुळे नोकरी लागल्यावर मी पहिली मोठी वस्तू घेतली ती जुना कॅमेरा, आणि त्यातून पहिल्यांदा टिपायला गेले ती वीज, यात नवल काही नाही. आईला सांगितलं नाही. तिला वाटायचं मी सुट्टीच्या दिवशी देवळांचे फोटो काढते.

ते २००३ साल. हिंजवडीच्या आयटी पार्कात सॉफ्टवेअर तपासायची नोकरी होती आणि नेऱ्यात एका शेतकऱ्याच्या नव्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याची खोली. तिथून कासारसाईचं धरण गाडीवर वीस मिनिटांत. धरणाच्या वरच्या अंगाला एक भलामोठा उघडा कातळ आहे. तिथं उभं राहिलं की डोंगरावर जमणारा ढग तासभर आधीपासून दिसतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी चारनंतर वळवाचे ढग चढायचे आणि ऑक्टोबरात पुन्हा. ढग चढले की मी ऑफिसातून डोकं दुखतंय म्हणून सटकायचे. तुझं डोकं आभाळ बघून दुखतं, असं आमचा मॅनेजर म्हणायचा. त्याला वाटायचं तो टोमणा मारतोय.

विजेचा फोटो काढायची रीत जरा उफराटी आहे. वीज दिसल्यावर बटण दाबून उपयोग नसतो, तोवर ती गेलेली असते. अंधारून आलं की कॅमेरा ट्रायपॉडवर लावायचा, शटर उघडायचं आणि उघडंच ठेवून बसायचं, अर्धा मिनिट, कधी मिनिटभर. त्या वेळात वीज आली तर ती आपणहून फिल्मवर उमटते. म्हणजे दार उघडं टाकून पाहुण्याची वाट बघत बसण्यातला प्रकार. आणखी एक गोष्ट. शटर इतका वेळ उघडं असलं की जे हलतं ते फोटोत येत नाही, पुसलं जातं. जे अजिबात हलत नाही तेवढंच उरतं.

कातळावर एक कुटुंब मेंढरं घेऊन असायचं. खालच्या वाडीत त्यांचं घर आणि थोडी भातशेती. मुलगा पिरंगुटच्या कारखान्यात कामाला जायचा, त्यामुळे साठ-सत्तर मेंढरं नि चार शेळ्या बघायला म्हातारा, म्हातारी आणि त्यांची सून अशी तिघं. सून बावीस-तेवीस वर्षांची, किडकिडीत, कामाला वाघ. बोलायची कमी. म्हातारी मात्र बोलायला कुणी मिळतंय याचीच वाट बघायची. बाईमाणूस एकटं तीन पायांचं यंत्र घेऊन आभाळाकडे तोंड करून बसतं, याचं तिला पहिल्या दिवशी हसू आलं आणि दुसऱ्या दिवशी तिनं मला चहा पाजला.

एकदा ती पाठ धरून वाकूनच बसलेली दिसली. बादली उचलताना उसण भरली होती. माझ्या तोंडून सहज निघून गेलं, की मावशी, मी पायाळू आहे, लावू का पाय? गंमत म्हणून बोलले होते. ती तिथंच कातळावर पालथी पडली. वडीलधाऱ्या बाईला पाय लावायचा म्हणून मला कसंसंच झालं, पण तीनदा लावला. ती उठली, कंबर इकडंतिकडं फिरवून बघितली आणि गेली म्हणाली. पुढच्या महिनाभरात वाडीतली निम्मी माणसं माझी लाथ खाऊन गेली. कुणी काकड्या आणून द्यायचं, कुणी अंडी. शिकलेली मी, असल्या गोष्टींना हसणारी, पण खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं होतं. लहानपणापासून ज्याच्यासाठी कोंडून घातलं त्याच्यासाठी पहिल्यांदा कुणीतरी काकड्या देत होतं.

पण ढग आले की हेच लोक बदलायचे. म्हातारी माझ्याशी बोलता बोलता आभाळाकडे बघायची, पदर सावरायची आणि मेंढरं हाकत लांब जायची. म्हातारा तर सरळ म्हणायचा, "पोरी, आता तू तुज्या जागी, आमी आमच्या जागी." त्यात राग नव्हता. तापलेल्या तव्याला जसा आपण हात लावत नाही, तसं ते मला टाळायचे. मीही मनात हसायचे आणि शटर उघडायचे.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत माझ्याकडे तीन बरे फोटो जमले. हिंजवडी गावातला स्टुडिओवाला आधी ते छापायलाच तयार नव्हता. फिल्म काळी आली आहे, वाया गेली, असं म्हणून परत द्यायचा. त्याच्या उरावर बसून मी ते छापून घेतले आणि एका रविवारी सकाळी खोलीत खिडकीपाशी तिन्ही शेजारी शेजारी मांडले. एक एप्रिलचा, एक मेचा, एक ऑक्टोबरचा. वीज तिन्हींत वेगळी. खालचा कातळ तोच. आणि कातळावर तिन्हींत एक खुंट होता.

मी मनाशी म्हटलं, जळकं झाड असेल. मग लक्षात आलं की त्या कातळावर झाड एकच आहे, मधला मोठा आंबा, आणि तो तर फोटोत दुसरीकडं दिसतोय. शिवाय एप्रिलच्या फोटोत खुंट डाव्या कडेला होता, मेमध्ये उजवीकडे कड्यापाशी, ऑक्टोबरात आणखी लांब. फोटो डोळ्यांशी नेला. खुंटाला पदर होता.

अर्धा-अर्धा मिनिट उघड्या शटरमध्ये ती उमटली होती, म्हणजे तेवढा वेळ ती जराही हलली नव्हती. डोक्यावर वीज कडाडत असताना, मेंढरांपासून आणि माणसांपासून लांब, उघड्या कातळाच्या सगळ्यात उंच कडेला एक बाई तीन वेगवेगळ्या दिवशी खांबासारखी उभी होती. भर सकाळी माझ्या अंगावर काटा आला. मी फोटो पालथे घातले आणि चहा करायला उठले.

ती सून होती. दुसरी कुणी असणं शक्यच नव्हतं. पुढच्या वेळी म्हातारी मेंढरांमागं लांब गेली तेव्हा मी तिला फोटो दाखवले. तिनं बराच वेळ बघितले. मग म्हातारी कुठं आहे ते बघितलं आणि खाली बसून गवताची काडी तोडत म्हणाली, "ताई, मीबी हाय."

मला आधी कळलंच नाही, मी पण आहे म्हणजे काय. मग कळलं.

तिचेही पाय आधी आले होते. मेंढरं राखणाऱ्या घरातून पोरगी बघायला येतात तेव्हा इतर काही विचारोत न विचारोत, पोरगी पायाळू तर नाही ना, हे विचारतातच. बरोबरच आहे, बाईला आयुष्य उघड्यावर काढायचं असतं, आणि मेंढरं म्हणजे त्यांचं सगळं घर चार पायांवर. तिच्या बापानं नाही म्हणून सांगितलं. दोन बहिणी मागं होत्या. सुईण मेलेली, गाव लांबचं, त्यामुळे कुणाला पत्ता लागायचं कारण नव्हतं. पण तिला स्वतःला माहीत होतं ना. म्हणून गडगडायला लागलं की ती एखादं मेंढरू चुकलंय असं सांगायची आणि लांब, सगळ्यात उंच जागी जाऊन उभी राहायची. पडली तर आपल्या एकटीवर पडावी, यांच्यावर नको. लग्नाला चार वर्षं झाली होती. चार वर्षांतल्या प्रत्येक वादळात ती अशी उभी राहिली होती.

कळलं तर काय करतील, असं मी विचारलं. माहेरी पाठवतील, ती म्हणाली, आणि माहेरी आता भाऊ-भावजयीचं राज्य, तिथं जागा नाही. हे तिनं भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. रडली वगैरे नाही.

माझं डोकं फिरलं. तिच्यावर नव्हे, पाटावर उकिडव्या बसलेल्या त्या पोरीसाठी. मी तिला तासभर शिकवलं. वीज जन्म बघत नाही, उंची बघते. उघड्यावर उंच जागी एकटं उभं राहणं हाच खरा धोका आहे, तू रोज मरायला उभी राहतेस. आंब्याखाली जायचं नाही, कड्यावर जायचं नाही, खळग्यात जायचं, पाय जुळवून उकिडवं बसायचं. कातळाच्या मधोमध एक चांगला खोल खळगा होता आणि वादळात म्हातारा-म्हातारी मेंढरं घेऊन तिथंच शिरायची. तू पण त्यांच्यात जाऊन बस, मी सांगितलं. तुझ्यामुळं त्यांना काही होत नाही. माझ्याकडे बघ, मी एप्रिलपासून दर वादळात बाहेर उभी आहे. तिनं सगळं ऐकलं आणि शेवटी एवढंच विचारलं, की तुमची खात्री हाय? मी म्हटलं, शंभर टक्के.

पुढच्या एप्रिलात माझ्याकडे छोटा व्हिडिओ कॅमेरा आला. अमेरिकेत जाऊन आलेल्या ऑफिसातल्या एकानं जुना म्हणून विकला. दिवसाउजेडी शटर उघडं ठेवता येत नाही, सगळं पांढरं होतं, पण व्हिडिओ घेतला की संगणकावर एकेक फ्रेम पुढं सरकवत वीज शोधता येते. मला आता लांबची वीज नको होती. जमिनीला टेकणारी हवी होती.

मेमधली ती दुपार मला मिनिटामिनिटानं आठवते. साडेचार वाजले असतील. ढग काळा नव्हता, हिरवट होता, आणि त्याची खालची कड सुरीनं कापल्यासारखी सरळ. वारा पडला. टिटव्यांचा आवाज बंद झाला. मी त्या दिवशी कॅमेरा नेमका खळग्याच्या काठावर लावला होता, कारण तिथून आंबा आणि मागचा डोंगर एका रेषेत येत होते. मला फक्त ती रेषा दिसत होती. म्हातारा-म्हातारी मेंढरं घेऊन रोजच्यासारखी खळग्याकडे आली, काठावर मला बघितलं आणि थबकली. पायाळू बाई खळग्याच्या तोंडाशी बसलेली. त्यांनी मेंढरं वळवली आणि आंब्याखाली नेली.

मी हे बघितलं. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर बघितलं. झाडाखाली जाऊ नका, असं ओरडायला हवं होतं. किंवा निदान माझं तीन पायांचं लचांड उचलून खळग्यापासून बाजूला व्हायला हवं होतं, म्हणजे ते परत आले असते. मी ओरडले नाही आणि उठलेही नाही. काळ्या झाडाखाली पांढऱ्या मेंढरांचा पुंजका, वर हिरवा ढग, फ्रेम इतकी देखणी जमली होती, की मी श्वास धरून बसले. हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

सून कड्याकडे निघाली होती. अर्ध्या वाटेवर ती थांबली आणि वळून माझ्याकडे बघितलं. मी हात हलवून तिला परत जा अशी खूण केली. खळग्यात ये, अशी नाही. नुसतं, परत जा. ती झाडाखाली जाईल की खळग्यात, हे मला त्या क्षणी सुचलंच नाही, ती कड्यावर जात नाही एवढ्याचाच आनंद झाला. ती आंब्याकडे चालत गेली आणि सासूशेजारी उभी राहिली. लग्नानंतर पहिल्यांदा वादळात ती आपल्या माणसांत होती. मी जिंकले असं मला वाटलं.

मग ट्रायपॉड गुणगुणायला लागला. बाटलीत माशी अडकल्यासारखा बारीक आवाज, त्याच्या वरच्या खिळ्यापाशी. माझ्या हातावरचे केस उभे राहिले, कानामागचेही. झाडाखालची सगळी मेंढरं एकाच वेळी एकाच बाजूला तोंड करून माना खाली घालून उभी राहिली. कुणी हाकलं नव्हतं. पाऊस नव्हता, वारा नव्हता. इतकी शांतता मी त्याआधी कधी ऐकली नव्हती आणि नंतरही नाही. आई मला पाटावर बसवायची ते याच्यासाठी, असं मनात आलं, आणि मी पाय जुळवून उकिडवी झाले.

आवाज मला आठवत नाही. सगळं पांढरं झालं आणि जळक्या वायरीचा वास आला. कानात शिट्टी वाजत होती. मी उठून आंब्याकडे पळाले, दीडशे पावलं तरी होती. झाडाची साल शेंड्यापासून बुंध्यापर्यंत एका पट्टीत सोलून निघाली होती. बुंध्याभोवती मेंढरं पडली होती, पाय ताठ, डोळे उघडे, अंगावर कुठं जखम नाही. काहींच्या लोकरीतून धूर येत होता. म्हातारा जमिनीवर बसून तोंड उघडं टाकून डाव्या कानावर हात मारत होता. तो कान पुढं कामातूनच गेला. म्हातारी आणि सून एकमेकींना धरून उभ्या होत्या, दोघींना इजा नव्हती, नुसते कान बंद झाले होते. मेंढरं एकोणीस गेली.

पाऊस सुरू झाला तेव्हा म्हातारीला ऐकू यायला लागलं. ती मेलेल्या मेंढरांमधून फिरली, एकेकाला हात लावला. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला सोपं गेलं असतं. ती विचारात पडली होती.

"तू तर तितं हुतीस," खळग्याकडे बोट करून ती म्हणाली. "मग ती हितं कुनासाटी आली?"

सून तिच्या मागं उभी होती. तिनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं आणि ती माझ्याकडे बघत होती. म्हातारीचा प्रश्न तिच्या हिशेबानं अगदी बिनचूक होता. पायाळू बाई दीडशे पावलांवर, वीज मात्र इथं. म्हणजे इथं कुणीतरी असणार. आणखी दोन घटका विचार केला असता तर तिला प्रत्येक वादळात हरवणारं मेंढरू आठवलं असतं.

"मी इथं होते मावशी," मी म्हटलं. "तुम्हाला झाडाखालून हाकलायला म्हणून पळत आले होते. तुमच्या पाठीमागंच पोचले होते, तेवढ्यात पडली."

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. वीज पडल्यावर पाच मिनिटं त्या तिघांना काही दिसलं नव्हतं, आणि दिसायला लागलं तेव्हा मी तिथं होते, हे खरं होतं. ती मान हलवत राहिली.

"तुज्या पायाला गुन हाय बाई," ती म्हणाली. "पर आता हिकडं येऊ नगंस."

मी ट्रायपॉड गोळा केला आणि निघाले. सून मेंढरांचे पाय धरून त्यांना एका ओळीत ओढत होती. तिनं वर बघितलं नाही.

टेप मी आठवडाभर बघितली नाही. मग एका रविवारी सकाळी संगणकाला जोडली आणि एकेक फ्रेम पुढं सरकवली. आंबा, मेंढरं, ढग. आंबा, मेंढरं, ढग. नंतर एकच फ्रेम वेगळी, आणि तिच्यापुढच्या सगळ्या कोऱ्या पांढऱ्या. त्या एका फ्रेममध्ये वीज झाडाच्या शेंड्याला टेकलेली आहे. जमिनीला टेकणारी वीज, मला हवी तशी. आणि झाडाच्या कडेला सून उभी आहे, तिच्या डोक्यातून प्रकाशाचा एक बारीक दोरा निघून वर गेला आहे. हातभर लांब, किंचित वाकडा. वर जाऊन तो हवेतच संपतो.

याचं शास्त्र मी नंतर वाचलं. वीज खाली येताना जमिनीवरच्या उंच वस्तूंमधून असे दोरे तिला भेटायला वर निघतात. ज्याचा दोरा आधी पोचतो त्याच्यावर ती पडते. म्हणजे त्या दिवशी आंब्याचा दोरा आधी पोचला आणि तिचा राहिला. इतकंच. यात पायाळूचा काही संबंध नाही. मी ते पान पुष्कळदा वाचलं. पण तिच्या शेजारी सासू उभी होती, तिच्यापेक्षा चांगली वीतभर उंच, डोक्यावर पाटी घेतलेली. सासूच्या डोक्यावर दोरा नाही. मी ती फ्रेम किती वेळा मोठी करून बघितली असेल याला गणती नाही. आणि माझ्या डोक्यातून त्या क्षणी काही निघालं होतं का, हे कळायचा मार्गच नाही, कारण मी कॅमेऱ्याच्या मागं होते.

त्यानंतर मी वीज टिपली नाही. आईला वाटलं मला देवळांचा कंटाळा आला.

२००९ मध्ये आमच्या ऑफिसच्या आवारात बागकामाच्या ठेकेदाराकडे काम करताना ती सून मला दिसली. हिरवा कोट, डोक्याला रुमाल, हातात पाण्याचा पाइप. तिनं मला आधी ओळखलं. उरलेली मेंढरं विकली होती, कातळाच्या खालच्या बाजूला प्लॉट पडले होते, म्हातारा वारला होता. म्हातारी घरी असते, नवरा अजून पिरंगुटलाच. सासरी सगळं नीट आहे ना, हे मी जरा घाबरत विचारलं. नीट आहे, ती म्हणाली. सासू अजून माझं नाव काढते, चांगली होती बिचारी म्हणून.

मग पाइप बंद करून तिनं विचारलं, "ताई, त्या दिशी क्यामेऱ्यात काय आलं?"

"काही नाही," मी म्हटलं. "सगळं पांढरं झालं."

ती थोडी हसली. "तुमी खोटं लई चांगलं बोलता," ती म्हणाली. "त्या दिशीबी चांगलं बोलला हुता."

ती पुन्हा पाणी घालायला लागली.

ऑक्टोबरात एका दुपारी ढग आले. मी तिसऱ्या मजल्यावर होते. पहिला गडगडाट झाला तशा बागकामाच्या बायका पाटी-खुरपी टाकून पोर्चकडे पळाल्या. त्यांच्यात ती नव्हती. मी खिडकीशी गेले. समोरचं मोठं लॉन संपतं तिथं मातीचा एक उंचवटा केलेला आहे, शोभेसाठी. त्याच्यावर एक खुंट उभा होता.

मी जिना उतरून धावत पोर्चपर्यंत आले. पोर्चमध्ये तीसेक माणसं दाटीवाटीनं उभी होती, बायका, सिक्युरिटीवाले, माझ्याच टीममधली पोरं. इमारतीच्या डोक्यावर वीज उतरवणारी सळई आहे. इथं आत येऊन उभं राहिलं तर कुणाचाही केस वाकडा होणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तिला हाक मारायची, आत ये म्हणायचं, एवढंच काम होतं. मी तोंड उघडलं. मग मागं वळून त्या तीस माणसांकडे बघितलं, आणि मला ती एकोणीस मेंढरं दिसली, एका ओळीत ओढून ठेवलेली. आत ये, असं काही मला म्हणवेना.

गळ्यातलं ऑफिसचं ओळखपत्र काढून मी खिशात ठेवलं आणि लॉनवरून चालत गेले. मागून कुणीतरी मला मॅडम, मॅडम करत होतं. उंचवट्यावर चढताना मी एकदा मागं बघितलं. पोर्चमधली सगळी माणसं आमच्याकडे बघत होती, आई बघायची तशीच.

एवढ्या मोकळ्या जागेत ती एक पाऊल बाजूला सरकली, बसथांब्यावर आपण दुसऱ्याला जागा करून देतो तशी, आणि मी तिच्या शेजारी उभी राहिले.